‘हो, असंच’ म्हणेपर्यंत

भिंगरीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलंच नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती भिंगं घासायची, फ्रेमचे बारीक स्क्रू आवळायची आणि गिऱ्हाईक आलं की पुढे जाऊन भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट दाखवत विचारायची, “आता? आता कसं दिसतंय? आणि आता?” हात कामात, पाय जागच्या जागी नाचतायत आणि कानाशी दिवसभर रेडिओ. दुकानाचे मालक म्हणायचे, “या पोरीच्या पायालाच नाही, जिभेलासुद्धा भिंगरी लागलीय.”

एके दिवशी रेडिओवरची निवेदिका म्हणाली, “आम्हाला बोलणारी तरुण मुलं हवी आहेत. टेकडीवरची हवीत आणि नदीकाठचीही हवीत. शनिवारी दुपारी आमच्या केंद्रावर या.”

भिंगरीचा हात सटकला. काचेवर हा एवढा ओरखडा! मालक ओरडले, पण तिला ते ऐकूच आलं नाही. लहानपणापासून तिला एकदा तरी रेडिओ केंद्र आतून बघायचं होतं. बाकी ‘नदीकाठची’ हा शब्द तिच्या डोक्यात शिरला तो घरी जाताना, अर्ध्या वाटेत.

त्या शहरात टेकडीवरचे आणि नदीकाठचे असे दोन भाग होते. दोघांची देवळं वेगळी, प्रार्थना वेगळ्या, शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे. पण पूर्वी मधल्या सपाटीवर दोघांचा मिळून एक बाजार होता. भिंगरी पाच-सहा वर्षांची असताना एका भांडणात तो बाजार जळला. काही माणसं गेली. आग कोणी लावली, याचं उत्तर टेकडीवर एक होतं, नदीकाठी दुसरं. तेव्हापासून त्या जागेवर नुसतं गवत माजलं होतं आणि वरून खाली जाणाऱ्या लांबलचक पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. रेडिओ केंद्राची पिवळी इमारत तेवढी त्या मोकळ्या जागेच्या कडेला, पाण्याच्या टाकीशेजारी उभी होती.

भिंगरीच्या आईचं शिवणकामाचं दुकान त्याच बाजारात होतं. त्या दिवसाबद्दल आई चकार शब्द काढायची नाही. काढायचे ते काका. वडील लवकर गेल्यावर घर काकांनीच सांभाळलं होतं, आणि त्यांचा नियम साधा होता: नदीकाठच्यांचं नाव या घरात घ्यायचं नाही.

म्हणून शनिवारी भिंगरी घरी म्हणाली, “दुकानात माल आलाय, उशीर होईल.”

आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “बरं. डबा ने.”

केंद्रावर गेली तर एका खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि मुलं मात्र दोन भिंतींना दोन घोळके, अशी चिकटून उभी. इकडे टेकडी, तिकडे नदी. निवेदिकाताई मधोमध एकटी. ताई परगावची होती. दोन्हीकडच्यांनी तिला भाड्याने घर नाकारलं होतं, म्हणून ती केंद्राच्याच वरच्या खोलीत राहायची. “त्यामुळे माझं दोघांशीही सारखंच वाकडं आहे,” ती हसत म्हणाली. “बसा आता. चावत नाही कोणी.”

मग तिने खेळाचा नियम सांगितला. एकाने बोलायचं. दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही. आधी पहिल्याचं म्हणणं आपल्या तोंडाने पुन्हा सांगायचं. पहिला जोवर ‘हो, असंच’ म्हणत नाही, तोवर आपलं काही बोलायचं नाही.

“एवढंच?” भिंगरी म्हणाली.

“एवढंच,” ताई म्हणाली. “करून तर बघा.”

भिंगरीच्या समोर एक उंचच उंच मुलगा आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचे दोस्त त्याला खांब्या म्हणायचे, कारण तो खांबासारखा उंच होता आणि खांबाइतकंच बोलायचा. भिंगरीने एका दमात सांगून टाकलं, “तुमच्या लोकांनी बाजार जाळला. माझ्या आईचं दुकान गेलं. आई तेव्हापासून घरात एका कोपऱ्यात बसून शिवते, आणि तुम्ही मात्र मजेत आहात.”

खांब्याच्या मानेवरची शीर ताठ झाली. पण तो सावकाश म्हणाला, “तुम्ही म्हणताय, आमच्या लोकांनी बाजार जाळला. तुमच्या आईचं दुकान गेलं. तिचं जग एका कोपऱ्याएवढं झालं. आणि आम्हाला त्याचं काहीच नाही.”

‘जग एका कोपऱ्याएवढं’ हे ती म्हणाली नव्हती. पण तिला म्हणायचं होतं तेच. ती चाचरली. “हो... असंच.”

“आता माझं,” खांब्या म्हणाला. “माझे बाबा पण लिफ्टच दुरुस्त करायचे. बाजार जळला त्या दिवशी ते टेकडीवरच्या दवाखान्यात अडकलेली लिफ्ट सोडवत होते. आत तुमच्यातलीच एक बाई होती, दिवस भरलेली. बाबांनी तिला बाहेर काढलं. खाली येताना पोलिसांनी धरलं. हातापायांना काळं वंगण लागलेलं होतं ना, ते म्हणाले, आग यानेच लावली. सोडलं, पण फार उशिरा. बाबा अजून कोणाशी बोलत नाहीत.”

भिंगरीला हे सगळं पुन्हा सांगायचं होतं. जिच्या तोंडाचा पट्टा घरात कोणाला आवरत नव्हता, तिला एक वाक्य जुळवता येईना. तीनदा चुकली. एकदा ‘तुमच्या बाबांवर संशय होता’ म्हणाली, तर तो म्हणाला, “नाही, असं नाही.” शेवटी ती म्हणाली, “तुमच्या बाबांनी आमच्यातल्या एकीला वाचवलं. आणि त्याची शिक्षा त्यांना मिळाली.”

खांब्याने डोळे मिटले. “हो. असंच.”

त्या दिवशी पायऱ्या चढताना भिंगरीला दम लागला नाही. ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेली. राग आला होता का? आला होता. रडूही येत होतं. पण त्याहून जास्त, आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी खरोखर ऐकलं, असं वाटत होतं. नवा चष्मा लागला की गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभं राहून झाडाची पानं बघत बसतं, तसं तिचं झालं होतं.

पुढच्या शनिवारी ती गेली. त्याच्या पुढच्यालाही गेली. मुलं वाढली. भांडणं झाली, एक मुलगा खुर्ची लाथाडून गेला आणि दोन शनिवारांनी तोंड पाडून परत आला. खांब्या आणि भिंगरी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले. तिने एकदा विचारलं, “लिफ्टमध्ये माणूस अडकला की तू आधी काय करतोस?”

“बोलतो,” तो म्हणाला. “दार नंतर. आतल्या माणसाला कळलं पाहिजे, बाहेर कोणीतरी आहे.”

“मग एरवी का बोलत नाहीस?”

“एरवी तू असतेस ना.”

सगळे खो खो हसले. भिंगरीने नाक उडवलं, पण तीही हसली.

आणि मग एका शनिवारी ताईने बॉम्ब टाकला. “उद्या दुपारी आपण हे थेट रेडिओवर करणार. दोघं स्टुडिओत बसणार, फोन चालू. शहरातलं कोणीही फोन करेल. नियम तोच. बसणार कोण? भिंगरी आणि खांब्या.”

खोली डोक्यावर घेतली पोरांनी. भिंगरी खुर्चीवरच चढली. मग खाली उतरली, कारण तिला घर आठवलं. तिथे रेडिओ आईच्या मशीनशेजारीच असायचा.

रविवारी ती स्टुडिओत शिरली. भिंतींना भोकंभोकांच्या पांढऱ्या फळ्या, टेबलावर दोन माइक, समोर जाड काच आणि काचेपलीकडे यंत्रांपुढे बसलेले, कायम जांभया देणारे तंत्रज्ञ काका. आज ते जांभई देत नव्हते. त्यांनी बोट वर केलं. लाल दिवा लागला.

“नमस्कार,” भिंगरी म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच कानांवरच्या हेडफोनमधून परत ऐकू आला, मोठा आणि अनोळखी. “मी टेकडीवरची. चष्म्याच्या दुकानात काम करते.”

“मी नदीकाठचा,” खांब्या म्हणाला. “लिफ्ट दुरुस्त करतो.”

पुढची काही मिनिटं फोन वाजलाच नाही. भिंगरी बोलत सुटली, हवेवर, चष्म्यांवर, वाट्टेल त्यावर. मग टेबलावरच्या फोनचा दिवा लुकलुकला. एक जाड, खरखरीत पुरुषी आवाज.

“बंद करा हा पोरखेळ. तुम्हाला काय माहीत? तुम्ही तेव्हा रांगत होता. आमची माणसं गेली, आणि तुम्ही इथे गप्पा मारताय.”

त्याने आपली बाजू कुठली ते सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. खांब्या भिंगरीकडे बघत होता. ती माइककडे झुकली. “दादा, तुम्ही म्हणताय, आम्ही हसतखेळत बोलतोय म्हणजे गेलेल्या माणसांना आम्ही विसरलो.”

तिकडे खरखर झाली.

“हो,” तो माणूस म्हणाला. “असंच.” आणि त्याने फोन ठेवला. ना पटलं म्हणाला, ना नाही म्हणाला. काचेपलीकडे तंत्रज्ञ काकांनी चष्मा काढून पुसला.

त्यानंतर दिवे लुकलुकायचे थांबेनात. एका मुलाने विचारलं, तिकडच्या मैदानावर खेळायला आलं तर मारतील का? एका आजोबांना फक्त जुन्या बाजारातल्या घड्याळवाल्याचं काय झालं ते हवं होतं. मग एक बाई.

“मी शिवणकाम करते,” ती म्हणाली.

बाईच्या आवाजामागे मशीनचं चाक थांबत थांबत कुरकुरत होतं. त्या कुरकुरीवर भिंगरी रोज झोपायची.

“बोला,” खांब्याच म्हणाला, कारण भिंगरीने त्याला कोपराने ढोसलं होतं.

“बाजारात माझ्या समोर एक बटणवाली होती. नदीकाठची. आग लागली तेव्हा मी वेड्यासारखी नुसती उभी होते. तिने तिची सगळी बटणं तशीच सोडली आणि माझं मशीन उचलून बाहेर आणलं. मग गर्दी झाली, ढकलाढकली झाली, ती कुठे गेली मला दिसलंच नाही. जगली की गेली, तेही माहीत नाही.”

खांब्या म्हणाला, “तुम्ही म्हणताय, तिचे उपकार तुमच्यावर राहिले.”

“नाही. असं नाही.”

“तुम्ही म्हणताय... तुम्हाला तिची काळजी वाटते.”

“तसंही नाही, बाळा.”

खांब्या थांबला. अडकलेल्या लिफ्टच्या दाराला कान लावावा तसा तो कानांवरचा हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरून बसला होता. “मावशी,” तो म्हणाला, “तुमची मैत्रीण होती ती. आणि इतकी वर्षं तिचं नावसुद्धा तुम्हाला मोठ्याने घेता आलं नाही.”

मशीनचं चाक आता पूर्ण थांबलं होतं.

“हो,” आई म्हणाली. “असंच.” मग नाक ओढून, एकदम घरच्या सुरात, “आणि त्या चष्मेवाल्या पोरीला सांगा, घसा बसलाय तिचा. पाणी पी म्हणावं.”

भिंगरी रडत रडत हसली आणि ग्लासातलं निम्मं पाणी स्वतःच्या कपड्यांवर सांडलं.

फोन ठेवला जातोय न जातोय तोच दुसरा दिवा लागला. कोणी नमस्कार नाही, काही नाही.

“अख्खं मशीन? अख्खं मशीन कोण उचलेल? मी काय हत्ती आहे? वरचा भाग तेवढा उचलला होता मी. खालचा लोखंडी सांगाडा जळला. तिला म्हणावं, नीट आठव. आणि माझी कात्री घेतली होती तिने, ती कुठाय?”

ताई काचेपलीकडे उड्या मारायला लागली. तंत्रज्ञ काकांनी कसलीशी बटणं दाबली, आईला परत फोन लावला आणि दोन्ही फोन एकमेकांना जोडले. पुढची काही मिनिटं त्या शहराने रेडिओवर आजवर ऐकला नसेल असा कार्यक्रम ऐकला.

“अगं, अख्खं होतं!”

“वरचं होतं!”

“मला मेलीला काय कळत नाही?”

“तुला कधी कळत होतं? काजंसुद्धा वाकडी करायचीस!”

“थांबा, थांबा!” भिंगरी ओरडली. “नियम! आधी दुसरीचं म्हणणं सांगायचं!”

मग बटणवालीचा आवाज उतरला. “मी पण वाट बघितली गं. रोज. पायऱ्या काय एकट्या मलाच होत्या? माझे गुडघे गेले. तुझे तर धड होते.”

आई हळूच म्हणाली, “तू म्हणतेस, पायऱ्या दोघींना सारख्याच होत्या. मग मी का नाही उतरले?”

“हो. असंच. बोल ना. का नाही उतरलीस?”

रेडिओवर अशी शांतता पडली की तंत्रज्ञ काकांचा हात आपोआप गाण्याच्या बटणाकडे गेला. ताईने तो धरला.

“आता उतरते,” आई म्हणाली, आणि फोन खट्कन ठेवला.

“अरे देवा,” बटणवाली म्हणाली. “चप्पल कुठाय माझी?” आणि तिचाही फोन ठेवला.

भिंगरी ताडकन उठली. स्टुडिओच्या बाजूच्या खिडकीतून पायऱ्या वर-खाली सगळ्या दिसत होत्या. ताईला घेऊन तंत्रज्ञ काका आत धावत आले आणि त्यांनी लांब वायरचा माइक तिच्या हातात कोंबला. “बोल! थांबू नकोस!”

आणि भिंगरीने, मैदानावरचा सामना चालू असल्यासारखं, सांगायला सुरुवात केली. “मंडळी, पायऱ्या रिकाम्या आहेत. वरून कोणी नाही. खालून कोणी नाही. एक कुत्रा आहे... आता वरच्या कोपऱ्यावर माणसं जमतायत. हातात रेडिओ आहेत! खाली नदीच्या धक्क्याकडूनही लोक बाहेर आलेत. आणि... आणि शिवणारी बाई आली! गळ्यात टेप तशीच! उतरतेय, भराभर उतरतेय, शेवाळ आहे मंडळी, सावकाश—आई, सावकाश!”

झालं. सगळ्या शहराला कळलं. लोक हसले असावेत, कारण टेकडीवरून एक मोठी लाट आल्यासारखा आवाज आला. तेवढ्यात आईच्या मागे, दोन हात अंतरावर, घरचे काका दिसले. चेहरा लालबुंद. भिंगरी खिडकीच्या कडेला सरकली.

तिच्या हातातून माइक कोणीतरी घेतला.

“आणि खालून,” खांब्या म्हणाला, त्या न बोलणाऱ्या खांब्याचा आवाज खणखणीत निघाला, “बटणवाली आजी निघाल्या आहेत. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने नातीचा खांदा. थांबल्या. कोणाला तरी शिव्या देतायत. परत निघाल्या! मंडळी, आजी चढतायत! दोघींच्या मध्ये आता फार पायऱ्या नाहीत. वरचे एक गृहस्थ बाईंच्या मागे आहेत. अडवत नाहीयेत. बाईंचा पाय घसरला... त्यांनी हात दिला. हात दिलाय मंडळी!”

भिंगरीने खिडकीची चौकट घट्ट धरली. काकांनी आईचा दंड धरून तिला सावरलं होतं. मग सोडलं. आई पुढे गेली आणि ते तिथेच, हाताची घडी घालून उभे राहिले. पुढे आले नाहीत, पण परतही गेले नाहीत.

गवताच्या कडेला दोघी समोरासमोर आल्या. मिठी वगैरे काही नाही. बटणवालीने आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती काय म्हणाली ते कोणालाच ऐकू गेलं नाही, पण आई खदखदून हसली. इतकी, की तिला पायरीवर बसावं लागलं. मग बटणवालीही, गुडघे धरत, कण्हत, तिच्या शेजारी बसली.

“काय बोलतायत?” ताई कुजबुजली. “माइक तिथवर जाईल?”

“वायर पुरणार नाही,” तंत्रज्ञ काका म्हणाले.

“पुरली तरी नको,” खांब्या म्हणाला. “ते आपल्यासाठी नाहीये.” त्याने माइक बंद केला आणि आपण एवढं बोललो याचाच धक्का बसल्यासारखा त्याकडे बघत राहिला. भिंगरीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आनंद झाला की तिला दुसरं काही सुचायचं नाही.

घरी काकांनी नंतर कितीतरी दिवस भिंगरीशी अबोला धरला. खांब्याच्या बाबांनी कार्यक्रम ऐकला की नाही हे त्याला विचारायचं धाडस झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातल्या रेडिओची जागा बदललेली होती. तो बाबांच्या उशाशी होता. एवढं त्याने पुढच्या शनिवारी सांगितलं, आणि भिंगरीने ते पुन्हा सांगताना एकही चूक केली नाही.

पण ते सगळं पुढचं. त्या रविवारी ती खिडकीत अजून नाचत उभी होती, पायऱ्यांवर दोन्हीकडची माणसं एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून उभी होती, आणि मागे टेबलावर सगळे दिवे एकदम लुकलुकत होते.

“भिंगरी!” ताई ओरडली. “फोन!”

“आले!” ती म्हणाली, ओल्या कपड्यांनिशी धावत सुटली आणि धडपडत खुर्चीत बसली. “बोला! कोण बोलतंय? बोला, ऐकतेय मी!”